वर ये, नानकटाई लावलीये

"ये की एकदा घरी!"

मराठी माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा बोलतो आणि सगळ्यात कमी वेळा ज्याचं काही होतं, असं हे वाक्य असावं. समोरचा पण तेवढ्याच प्रेमाने "हो हो, नक्की, ठरवू" म्हणतो आणि दोघंही आपापल्या बसला लटकतात. "ठरवू" म्हटलं की समजायचं, हे काही होत नाही आता.

आमच्या सहा जणांच्या ग्रुपमध्ये हे "ठरवू" प्रकरण दीड वर्ष चाललं होतं. सहाही जण वरळीत वाढलेले, बहुतेक सगळे बीडीडीतले, एक कोळीवाड्यातला. शाळेत असताना दिवसातून चारदा भेटायचो, नोकऱ्या लागल्यावर महिन्यातून एकदा, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर पोल. २१ चालेल का? नाही, माझी रिलीज आहे. २८? गावाला जत्रा. पुढचा महिना? बघतो. त्या पोलला शेवटी तीन अंगठे आणि एक "सॉरी यार" मिळायचं आणि विषय बंद.

गेल्या वर्षभरात मात्र आम्ही भरपूर भेटलोय. त्यासाठी कुणी काही ठरवलेलं नाही. म्हणूनच जमलं, असं माझं ठाम मत झालंय, आणि आजचा हा वीकेंडी लेख त्या मतासाठी. मत थोडक्यात असं: मित्रांना भेटायचं असेल तर ठरवू नये, ओव्हन लावावा. आता हे नीट सांगतो.

आधी थोडं गणित. (इंजिनियर आहे, इलाज नाही.)

समजा आपण सहा मित्र आहोत आणि प्रत्येक जण निम्म्या शनिवारी मोकळा असतो. निम्म्या म्हणजे मी फार उदार झालोय, पण असू दे. सहाही जण एकाच शनिवारी मोकळे असण्याची शक्यता किती? सहा नाणी उडवून सहाही छापा पडण्याइतकी, म्हणजे चौसष्टात एक. वर्षाला शनिवार बावन्न. म्हणजे सगळ्यांना जमेल असा शनिवार सरासरीने वर्षातून एकदाही येत नाही! आपण उगाच एकमेकांवर रुसतो, "तुला वेळच नसतो" म्हणून. दोष कुणाचाच नसतो, अटच तशी आहे.

आता अट बदला. मी घरी आहे, ओव्हन गरम आहे, बाकी पाचांपैकी निदान दोघं आले तरी चालेल. ही शक्यता बत्तीसात सव्वीस, म्हणजे ८१ टक्के. तीच माणसं, तेवढेच बिझी, तेच शनिवार. फरक एवढाच, की "सगळे" हा शब्द आपण काढून टाकला.

ठरवून भेटण्यातली मेख इथेच आहे. ठरवायला बसलं की सगळे लागतात. एक जरी नसला तरी "त्याच्याशिवाय नको रे, पुढच्या वेळी करू" होतं. न ठरवता जे आले ते आले, नाही आले त्यांचा डबा बाजूला. कुणी नसल्याचं वाईट वाटतं, पण त्यापायी बेत रद्द होत नाही.

पण मग ओव्हनच का? चहा का नाही, वडापाव का नाही? त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० साली, गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात हे खातं निघालं आणि त्याने गिरणी कामगार आणि इतर कष्टकऱ्यांसाठी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती बांधल्या. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. गिरगावातल्या चाळींना असते तशी बाहेरची लाकडी गॅलरी आमच्याकडे नाही. मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. पॅसेज मध्येच असल्यामुळे वास कुठे जाणार? एका खोलीत बोंबील तळले की वीस खोल्यांना कळायचं. आणि कळलं की कुणीतरी यायचंच.

ह्या १६० चौरस फुटांत ओव्हन कुठून असणार? आमच्या मजल्यावर कुणाकडेच नव्हता. पण घरची नानकटाई घरोघरी असायची! कशी? तर ती बेकरीच्या भट्टीत भाजून यायची. हा प्रकार मुंबईतच नाही, तर पुण्यापासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत बहुतेक मराठी गावांत चालायचा, काही ठिकाणी अजून चालतो. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीआधी मैदा, रवा, पिठीसाखर, तूप (खरं तर डालडाच, पण बोलताना तूप) घेऊन बेकरीत जायचं. किलोवर भाजणावळ ठरलेली. कुणी पीठ घरून मळून न्यायचं, कुणी तिथेच मळून घ्यायचं. बेकरीवाला पत्र्याच्या ट्रेवर गोळे मांडायचा आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते ट्रे भट्टीत आत सरकवायचा. आपल्याला काम एकच, नंबर येईपर्यंत बसून राहायचं आणि आपले ट्रे दुसऱ्याच्या डब्यात जात नाहीत ना यावर लक्ष ठेवायचं.

मी शाळेत असताना आईबरोबर दोन-तीन मे महिने हे केलंय. त्या रांगेत नानकटाईपेक्षा जास्त काय भाजलं जायचं ते सांगायला नको. कुणाची सून, कुणाची बदली, कुणाचा दहावीचा निकाल. आमच्या बायकांच्या गप्पांना भट्टीएवढी चांगली जागा दुसरी नसेल. एक तर कुणी कुणाच्या घरी गेलेलं नाही, त्यामुळे यजमान कुणीच नाही. दुसरं म्हणजे हातातलं काम झालेलं असतं, पण निघता येत नाही. आणि तिसरं, शेवटी गरम नानकटाई मिळणार असते. घरी डबा पोचला की आधी शेजारी वाटण्या, कारण त्यांनी तुमच्याकडे वाटलेलं असतं.

म्हणजे बघा, आपल्याकडे "घरचं बेकिंग" ही गोष्ट मुळात घरातली नव्हतीच. पीठ घरचं, आग गावाची. भाजायला घराबाहेर पडावं लागायचं, आणि बाहेर पडलं की माणसं भेटायचीच.

आता त्या भट्ट्याही बदलतायत. ९ जानेवारी २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मी त्याच्या बाजूने आहे. लाकडी भट्टीच्या चवीचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या भट्टीच्या वरच्या मजल्यावर एक हिवाळा काढून दाखवावा. धूर गेलाच पाहिजे. पण धूर जाताना ती रांग पण गेली, आणि तिच्या जागी काय आणायचं याचा विचार कुणी केला नाही. ते काम न्यायालयाचं नव्हे, आपलं आहे.

मधल्या काळात ओव्हन घरात आला. आधी तो अ‍ॅल्युमिनियमचा गोल, वर काचेची खिडकी असलेला, मग ओटीजी, मग मायक्रोवेव्ह. आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तर अर्ध्या मुंबईने केक केला. दुकानात यीस्ट मिळेना, आणि कुकरची शिट्टी नि रिंग काढून, तळाला मीठ घालून केक करायच्या व्हिडिओंचा पूर आला. पण ते बेकिंग दार लावून होतं, लावावंच लागत होतं. दारं उघडल्यावरही सवय तीच राहिली. केक करायचा, फोटो काढायचा, स्टेटसला लावायचा आणि चार दिवस फ्रीजमधून काढून एकट्याने संपवायचा. पाच जण "मला???" असं लिहितात, पाचांना आपण "ये की घरी" लिहितो. झालं, परत पहिल्या वाक्यावर आलो!

भट्टी सगळ्यांची होती तेव्हा माणसं आपोआप जमत. ओव्हन आपला एकट्याचा झाला, आता माणसं बोलवावी लागतात.

बीडीडीचं पुढे काय झालं ते पेपरात आलंच आहे. २०१७ला भूमिपूजन, २०२१ला प्रत्यक्ष काम, आणि १४ ऑगस्ट २०२५ला वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. त्या पहिल्या चाव्यांत आमचीही एक होती. ग्रुपमधले दोघं अजून भाड्याच्या घरात आपल्या इमारतीची वाट बघतायत, एक जुन्याच चाळीत आहे, एक ऐरोलीला गेला, एक कोळीवाड्यात.

आता इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. चाळ गेली म्हणून गळे काढणाऱ्यांतला मी नाही. "चाळीत काय आपलेपणा होता हो!" हे वाक्य मी बहुतेक वेळा अशा लोकांकडून ऐकलंय ज्यांच्या घरात संडास घरातच होता. माझ्या आजीने ऐंशीव्या वर्षी रात्री दोन वाजता पॅसेजच्या टोकापर्यंत भिंतीला धरून जाणं काय असतं, ते मी बघितलंय. नवीन घरात पहिल्या दिवशी आई सगळ्यात जास्त वेळ कुठे उभी होती सांगू? बाथरूमच्या दारात. नुसती बघत. त्यामुळे आपलेपणाच्या नावाखाली कुणी मला परत १६० चौरस फुटांत पाठवू नये.

पण एक आहे. चाळीत न ठरवता भेटणं फुकट मिळायचं, ते टॉवरमध्ये फुकट मिळत नाही. खाली गेटवर वही किंवा अ‍ॅप. "कोणाकडे? कशाला? फोन करा." मग लिफ्ट. मग बंद दार, त्याला सेफ्टी डोअर. कॉरिडॉरमध्ये एसीच्या थेंबांचा आवाज. बोंबील तळा नाहीतर केक भाजा, चिमणी वास ओढून थेट समुद्राकडे पाठवते. शेजाऱ्याला कळण्याची सोयच नाही. हे काही कुणी मुद्दाम केलेलं नाही. घर मोठं झालं, सुरक्षित झालं, आणि त्याच भिंतींनी अचानक येणाऱ्याला अडवलं. सॉफ्टवेअरमध्ये पण असंच होतं. सिक्युरिटी वाढवली की आधी चुकून चालणाऱ्या चार चांगल्या गोष्टी बंद पडतात. मग त्या मुद्दाम बांधाव्या लागतात. "पूर्वी आपोआप व्हायचं" म्हणत बसून उपयोग नसतो.

तर आम्ही काय बांधलं?

सप्टेंबरमधला एक शनिवार, पाऊस नुसता कोसळत होता. दुपारी काही सुचेना म्हणून मी नानकटाईचं पीठ मळलं, पहिला ट्रे ओव्हनला लावला आणि ग्रुपवर एवढंच टाकलं: "वर ये, नानकटाई लावलीये. ५:२०ला निघेल." कोण येतंय, कोण नाही, काही विचारलं नाही. पोल नाही. सव्वापाचला कोळीवाड्यातला मित्र छत्री ठिबकवत दारात. त्याच्या मागून जुन्या चाळीतली मैत्रीण, घरच्याच कपड्यांत. "खरंच लावलीयेस ना? नाहीतर मी उगाच आले!" झालं, सुरुवात झाली.

तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा हे होतं. कधी माझ्याकडे, कधी कोळीवाड्यात, कधी चाळीत कढईमध्ये. मेसेजचा फॉरमॅट ठरलेला, "लावलंय, इतक्याला निघेल." ह्या मेसेजची खुबी लक्षात घ्या. त्यात प्रश्न नाही, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नाही. नाही आलात तर नकार दिला असं होत नाही. आणि केक कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे "थोड्या वेळाने बघतो" हा पर्याय बंद. बोलावणं नाही, निव्वळ बातमी. चाळीत वास जे काम करायचा तेच.

ह्यात गंमत सोडून आणखी काय मिळतं, त्याचा एक प्रसंग सांगतो. आमच्यातल्या एकाची नोकरी गेल्या वर्षी गेली. आम्हाला माहीतच नव्हतं. तो दोन-तीन बेतांना "जमत नाही" म्हणाला आणि आम्ही मनात म्हटलं, साहेब मोठे झाले. खरं कारण असं होतं की आमचे ते ठरवलेले बेत म्हणजे लोअर परळच्या कुठल्यातरी मॉलमध्ये जेवण, बिलाचे सहा भाग, प्रत्येकी हजार-बाराशे. पगार बंद असताना हे परवडत नाही, आणि परवडत नाही हे सहा जणांच्या ग्रुपवर लिहिता येत नाही. नानकटाईला मात्र तो आला. रिकाम्या हाताने आला, कारण इथे कुणीच काही आणत नाही. ओट्याशी उभा राहून गोळे वळता वळता, माझ्याकडे न बघता, म्हणाला, "चार महिने झाले रे, घरीच आहे." हातात काम होतं, नजर ट्रेवर होती, म्हणून बोलला. हॉटेलच्या टेबलावर, सहा चेहरे समोर असताना बोलला नसता. त्या दिवशी आम्ही त्याला मोठमोठे सल्ले वगैरे दिले नाहीत. मी त्याचा बायोडेटा मागून घेतला, मैत्रिणीने दोन फोन केले. नोकरी त्यातून नाही लागली, ती त्याने स्वतः नंतर मिळवली. पण मधले तीन महिने तो एकटा नव्हता. माझ्या लेखी ओव्हनचे पैसे तिथेच वसूल झाले.

आता आक्षेप. पहिला माझ्या आईचा, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. ती म्हणाली, "अचानक येणाऱ्यांचं तुम्हाला लई कौतुक, पण अचानक चहा कोण टाकायचं?"

हे शंभर टक्के खरं आहे. चाळीतला तो सगळा उघड्या दारांचा आनंद बायकांच्या जिवावर उभा होता. "वहिनी, चहा टाका" म्हणणारे भाऊजी बाहेर पत्ते कुटत बसायचे आणि वहिनी स्टोव्हला पंप मारत. अशा जमण्याला मीसुद्धा विरोधच करीन. म्हणून आमचा नियम आहे, ज्याने मेसेज टाकला त्यानेच पीठ मळायचं, आईने-बायकोने-बहिणीने ओट्याकडे फिरकायचं नाही, आणि निघताना प्रत्येकाने आपला कप विसळून पालथा घालायचा. मुलगे पण. विशेषतः मुलगे. आता आई आमच्यात येऊन बसते आणि नानकटाईला नावं ठेवते, "तूप कमी पडलंय." ह्याला मी प्रगती म्हणतो.

दुसरा आक्षेप: सगळ्यांना असं अचानक कुणी आलेलं आवडत नाही. बरोबर. नाईट शिफ्ट करून झोपलेल्या माणसाची बेल वाजवणं हा आपलेपणा नव्हे. पण आमच्या पद्धतीत कुणी कुणाच्या दारात धडकत नाही. दार उघडणारा स्वतःच सांगतो की आज उघडं आहे. ज्याला एकटं राहायचंय तो राहतो, त्याला कारण द्यावं लागत नाही. चाळीत ही सोय नव्हती, तिथे दार लावलं की "काय झालं हो?" सुरू व्हायचं. म्हणजे हे चाळीपेक्षा बरंच आहे, नाही का?

तिसरा: मग टपरीवरचा चहा काय वाईट आहे? वाईट काहीच नाही. पण टपरीवर पंधरा मिनिटांत ग्लास रिकामा होतो आणि मागचा माणूस जागेची वाट बघत असतो. घरी भजी करायची म्हटलं तर करणारा गॅससमोर घामाघूम आणि बाकीचे बाहेर हसतायत. बेकिंगचं तसं नाही. सगळं काम आधी. एकदा ट्रे आत गेला की वीस मिनिटं करणारा पण मोकळा, सगळ्यांइतकाच. शिवाय वेळ ठरलेली, वास वाढत जाणारा, आणि निघाल्यावर लगेच खाता येत नाही, कारण गरम नानकटाई उचलली की चुरा होते. दहा मिनिटं थांबावंच लागतं. पोटापाण्याच्या जगात सक्तीने थांबायला लावणारं असं दुसरं काय उरलंय?

करायचं असेल तर नानकटाईनेच सुरू करा, केकने नको. केकला अंडी, बेकिंग पावडर, फेटणं, वेळ सगळं जमावं लागतं, आणि फसला की चार लोकांसमोर फसतो. नानकटाई सहसा फसत नाही. दोन वाट्या मैदा, त्यात हवं तर दोन चमचे रवा आणि दोन चमचे बेसन. एक वाटी पिठीसाखर, एक वाटी घट्ट तूप, चिमूट खायचा सोडा, चिमूट मीठ, वेलची-जायफळ. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसायची, मग कोरडं सगळं मिसळून गोळा होईल एवढंच मळायचं. पाणी नाही, दूध नाही. पाणी नसलं आणि तूप भरपूर असलं की मैद्यातलं ग्लूटेन चिवट होत नाही, म्हणून ती खुसखुशीत. ओव्हन आधी दहा मिनिटं तापवायचा, १६० ते १७० डिग्रीला साधारण वीस मिनिटं, तळ किंचित तांबूस झाला की बाहेर. ओव्हन नसेल तर जाड कढईत वाटीभर मीठ, त्यावर स्टँड, त्यावर ताटली, वर झाकण, मंद आच. पाच-सात मिनिटं जास्त लागतील.

आणि खरी युक्ती पुढे आहे. पीठ एकदाच जास्तीचं मळा, लांब गुंडाळी करून फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर टिकतं. वाटलं की सुरीने चकत्या कापा आणि लावा. म्हणजे बिल्ड आधीच करून ठेवलेला, डिप्लॉय आयत्या वेळी. :) विजेची काळजी असेल तर तेही सांगतो, १५०० वॅटचा ओटीजी चाळीस मिनिटं पूर्ण ताकदीने चालला तरी एक युनिट होतं.

मला शेवटी एकाच गोष्टीचं नवल वाटतं. ह्या शहराने वरळीला जवळ आणण्यासाठी काय नाही केलं? २००९ला सी लिंक आला, २०२४ला कोस्टल रोड सुरू झाला, २०२५मध्ये मेट्रो ३ वरळीतून धावायला लागली आणि आचार्य अत्रे चौकाखालून माणसं आता बीकेसीला जातात. (सप्टेंबर २०२५मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद झाला आणि परळ लांब गेलं, तो भाग वेगळा.) इतकं सगळं करून वाचलेल्या मिनिटांचं आपण काय केलं? ती पण कुठल्यातरी कॅलेंडरला देऊन टाकली. जांबोरी मैदानापासून कोळीवाडा चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि दीड वर्ष आम्ही एकमेकांना पोल पाठवत होतो!

मैत्री टिकायला फार मोठे प्रसंग लागत नाहीत असं मला वाटतं. लग्नाला सगळे येतात, वाईट झालं तरी सगळे येतात. मधले जे साधे शनिवार असतात, त्यात कुणी येत नाही, आणि मैत्री पातळ होते ती तिथेच. तिशीच्या उंबऱ्यावर आम्ही सगळे उभे आहोत. दोघांची लग्नं ठरतायत, एकाचं ऑनसाइटचं बोलणं चाललंय. अजून दोन वर्षांनी हे सहा जण वरळीत असतील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून जे शनिवार हातात आहेत ते मला पोलमध्ये घालवायचे नाहीत.

तेव्हा मंडळी, "ये की एकदा" बंद करा. पीठ मळून फ्रीझरमध्ये टाका, मोकळा शनिवार दिसला की ओव्हन लावा आणि वेळ कळवून मोकळे व्हा. दोघं आले तरी पुष्कळ. एकच आला तर आणखी बरं, त्याला जास्त मिळेल. आणि कुणीच नाही आलं तर शेजारचं सेफ्टी डोअर वाजवा. मी एकदा वाजवलं होतं. आतल्या काकांनी आधी साखळी न काढताच "काय पायजे?" विचारलं, मग ताटली बघून साखळी काढली, आणि मग अर्धा तास मला बसवून त्यांच्या जुन्या इमारतीच्या दहीहंडीच्या गोष्टी सांगितल्या. ते हल्ली आमच्या मेसेजची वाट बघतात.

फक्त तो कपाचा नियम त्यांनाही लागू आहे.